मोटारीचा उच्छ्वास

पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात जे काही जळते ते सारेच्या सारे मागच्या सायलेन्सरवाटे बाहेर पडते, अशी सामान्य मोटारमालकाची समजूत असते, आणि इंजिन ठीक चालत असेतोवर ती तपासून पाहण्याचा प्रसंगही त्याच्यावर येत नाही. वस्तुतः सिलिंडरात ठिणगी पडून वायूंचा भडका उडाला आणि त्यांच्या दाबाने पिस्टन खाली रेटला गेला, की त्याच क्षणी त्या वायूंचा एक लहानसा अंश पिस्टनभोवतीच्या रिंगांच्या तोंडांतून निसटतो आणि खाली, क्रँकशाफ्ट जेथे तेलाच्या तुषारांत फिरत असतो त्या बंदिस्त पोकळीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, उतरतो. उष्णतेने फुगलेली रिंग सिलिंडरात अडकून बसू नये म्हणून तिला तोंड ठेवावेच लागते. आणि तोंड ठेवले म्हणजे पाझर आलाच. नव्या इंजिनात तो अल्प असतो, झिजलेल्या इंजिनात बेसुमार होतो, परंतु मुळीच नाही असे कधी होत नाही. आपल्याकडच्या गॅरेजांतून याला 'बॅक कंप्रेशन' म्हणण्याचा प्रघात आहे, आणि टॅपेट कव्हरावरचे तेलाचे झाकण उघडताच भकाभका धूर येताना दिसला, की 'इंजिन बॅक मारतंय, काम काढावं लागेल' असा निवाडा देऊन मिस्त्री मोकळा होतो.

हा निवाडा पुष्कळदा घाईचा असतो. क्रँककेसमध्ये वायू उतरणे हा इंजिनाचा स्वभाव आहे. तो तेथे कोंडून राहणे हा दोष आहे. आणि तो कोठून, कोणत्या वाटेने, कोणाच्या ओढीने बाहेर जावा हा एक स्वतंत्र प्रश्न असून त्याचे उत्तर मोटारीच्या इतिहासात दोनदा मुळापासून बदललेले आहे. हे बदल केव्हा व का झाले याची माहिती नसलेला मनुष्य जुन्या गाडीच्या व्हॅक्यूमची तक्रार क्रँककेसमध्ये आणि क्रँककेसची तक्रार कार्ब्युरेटरमध्ये शोधीत बसतो. यास्तव या क्षुद्र वाटणाऱ्या विषयाचा इतिहास थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे.

मोटारीच्या अगदी आरंभीच्या काळी हा प्रश्न निकडीचा नव्हता. त्या वेळच्या इंजिनांत तेल थेंबाथेंबाने सोडले जाई, आपले काम करून ते काही जळून तर काही गळून नाहीसे होई, आणि त्याच्या जागी नवे तेल येई. त्यामुळे तेल खराब होण्याइतका काळ ते इंजिनात राहतच नसे. पुढे तेच तेल पंपाने पुनःपुन्हा फिरविण्याची व्यवस्था आली, आणि मग खालच्या चेंबरात महिनोन्‌महिने वास करणाऱ्या त्या तेलाला वरून उतरणाऱ्या वायूंचा संसर्ग घडू लागला. या वायूंत न जळलेले पेट्रोल असते, आम्लधर्मी द्रव्ये असतात आणि पाण्याची वाफ तर विपुल असते, कारण एक लिटर पेट्रोल पुरते जळाले म्हणजे जवळजवळ तितकेच पाणी वाफेच्या रूपाने निर्माण होते. पेट्रोलाने तेल पातळ होते; पाण्याने आणि आम्लाने बेअरिंगा खाल्ल्या जातात; आणि गाडी जर रोज दवाखाना ते घर एवढीच चालत असेल, इंजिन नीट तापण्यापूर्वीच बंद होत असेल, तर तेलाच्या झाकणाच्या आतल्या अंगास ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट पांढरा थर जमू लागतो. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत मोटारींची संख्या इतकी वाढली की पेट्रोलात जड, सावकाश उडणारे अंशही मिसळावे लागले, आणि क्रँककेसमधील तेल पातळ होण्याची तक्रार तेथील अभियंत्यांच्या सभांतून गंभीरपणे चर्चिली जाऊ लागली. त्या दशकाच्या मध्यास कॅडिलॅकने आपल्या इंजिनात क्रँककेसच्या वायुवीजनाची तजवीज केली, आणि पुढे इतर कारखान्यांनी आपापल्या परीने तिचे अनुकरण केले.

जी पद्धत सर्वत्र रूढ झाली ती इतकी साधी होती की तिच्याविषयी कोणी फारसे लिहूनही ठेवलेले नाही. इंजिनाच्या कुशीतून एक लोखंडी नळी निघून गाडीच्या तळाखाली उतरे आणि तिचे तोंड मागच्या बाजूस तिरपे कापलेले असे. गाडी वेगाने चालू लागली की तळाखालून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे त्या तोंडाशी दाब कमी होई आणि आतले वायू ओढले जाऊन रस्त्यावर सांडत. त्यांची जागा घेण्यासाठी वरच्या बाजूने, तेल भरण्याच्या झाकणातील तारेच्या गुंतवळ्यातून गाळून, स्वच्छ हवा आत येई. जुन्या सिमेंटी रस्त्यांवर प्रत्येक मार्गिकेच्या बरोबर मध्यभागी जो काळा पट्टा दिसे, त्याच्या उत्पत्तीत या नळ्यांचा वाटा मोठा होता. पण या व्यवस्थेत एक मूलभूत वैगुण्य होते: वारा असेल तरच ओढ. तासाला पंचवीस मैलांच्या आत गाडी चालत असली तर नळी जवळजवळ निरुपयोगी, आणि चौकात उभी असली तर पूर्णच निरुपयोगी. म्हणजे ज्या शहरी रहाटीत तेल सर्वांत लवकर नासते तिच्यातच तेलाच्या संरक्षणाचा बंदोबस्त गैरहजर राही. झाकणातील तारेची जाळी रॉकेलमध्ये धुवावी, पिळून तेलात बुडवावी आणि परत बसवावी, हा शिरस्ता पाळणारे ड्रायव्हर होते. न पाळणारे अधिक होते. जाळी तुंबली आणि नळी चिखलाने बुजली, की कोंडलेला दाब मिळेल त्या वाटेने बाहेर पडे, आणि ती वाट बहुधा मागच्या बेअरिंगाच्या बाजूची असे.

आता दुसऱ्या पात्राकडे, म्हणजे व्हॅक्यूमकडे, वळू. १६४३ साली इटलीत टॉरिचेल्लीने पाऱ्याची नळी उलटी धरून हवेला वजन असते हे दाखविले, आणि तेव्हापासून निर्वात किती आहे हे पाऱ्याच्या उंचीने सांगण्याची जी वहिवाट पडली ती मोटारीच्या गॅरेजापर्यंत येऊन पोहोचली आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे तीस इंच उंचीइतका असतो. इंजिन आयडलिंगला मंद चालत असते तेव्हा कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असून खाली उतरणारे पिस्टन मात्र हवा मागत असतात. यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा पुष्कळच कमी होतो, आणि निरोगी इंजिनात ही तूट पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांपर्यंत असते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की झडप उघडते आणि तूट शून्याच्या आसपास येते.

ही फुकट मिळणारी ओढ वाया जाऊ नये म्हणून मोटारीच्या रचनाकारांनी तिला एकामागून एक कामे लावली. टाकीतून पेट्रोल वर खेचणारे ऑटोव्हॅकचे डबे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत सर्रास असत. १९२७ च्या सुमारास बेल्जियमच्या ॲल्बर्ट देवांद्रने ब्रेकला व्हॅक्यूमचे साह्य जोडले. ठिणगीची वेळ मागेपुढे करणारा पडदा डिस्ट्रिब्यूटरवर आला. आणि काचेवरचे पाणी पुसणारा वायपरही या ओढीवर चालू लागला. या शेवटच्या नोकराइतका अवसानघातकी नोकर मोटारीत दुसरा नसेल. १९२८ पासून शिवडीच्या कारखान्यात जनरल मोटर्स ज्या अमेरिकन गाड्या जुळवीत असे त्यांचा, आणि युद्धानंतर कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या डॉज-प्लिमथचा तो जमाना. आषाढातल्या मुसळधार पावसात व्हॅक्यूमचा वायपर असलेली गाडी खोपोलीहून बोरघाट चढू लागली, की चढणीसाठी पाय दाबावा आणि पाय दाबताच वायपर मध्येच थिजावा, मग समोरचे दिसण्यासाठी क्षणभर पाय उचलावा आणि गाडीने अवसान टाकावे. या प्रकाराला ड्रायव्हर शिव्या देत असे. पण खरे पाहता तो वायपर म्हणजे काचेवर बसविलेले एक प्रामाणिक व्हॅक्यूममापकच होते.

इथपर्यंत क्रँककेसचा उच्छ्वास आणि मॅनिफोल्डची ओढ यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पहिल्याने गावात तेल सांडावे, दुसरीने वायपर हालवावा; एकीचा रोग दुसऱ्याला बाधत नसे. त्यांची गाठ प्रथम मोठ्या प्रमाणावर घातली गेली ती दुसऱ्या महायुद्धात, आणि तीही हवेच्या शुद्धतेसाठी नव्हे, तर पाण्यासाठी. रणगाडे आणि जीपा नद्या-नाल्यांतून खोल पाण्यातून न्यावयाच्या असत. तळाखाली उघड्या तोंडाची नळी ठेवली तर तिच्यातून पाणी क्रँककेसमध्ये शिरावयाचे. म्हणून विलीज जीपच्या इंजिनात ती नळी काढून टाकून क्रँककेस थेट इनटेक मॅनिफोल्डला जोडण्यात आला, मध्ये एक लहानशी झडप बसविण्यात आली, आणि ताजी हवा तेल भरण्याच्या नळीत एअर क्लीनरमधून आणण्यात आली. युद्धात हिंदुस्थानात आलेल्या आणि युद्धानंतर लष्करी गोदामांच्या लिलावांतून जमीनदार, ठेकेदार व सरकारी खाती यांच्या हाती गेलेल्या जीपांबरोबर ही झडपही आपल्याकडे आली. म्हणजे पुढे कॅलिफोर्नियातील सुधारणा म्हणून जी गाजली ती वस्तू त्याआधी दीड दशक आपल्या मिस्त्रींच्या हातांखालून जात होती. ती उघडी अडकली तर इंजिन आयडलिंगला कधीच सुरळीत लागत नाही, हा अनुभवही तेव्हाचाच आहे, आणि त्यावरचा उपाय म्हणून झडपेच्या जागी डाट मारून टाकण्याची खोडही बहुधा तेव्हाचीच असावी.

दुसरा बदल घडला तो मात्र हवेपायी. २६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरविणारे असे दाट धुके पसरले की जपानने विषारी वायूचा हल्ला केला अशी शंका अनेकांना आली. संशय एका कृत्रिम रबराच्या कारखान्यावर गेला. तो बंद करून पाहिला, धुके हटले नाही. तेव्हा कॅल्टेक या संस्थेत आरी हागेन-स्मिट नावाचा डच वंशाचा रसायनशास्त्रज्ञ अननसाच्या सुगंधाचे पृथक्करण करीत असे. अननसाचा वास गोठवून पकडण्याची त्याची शीतयंत्रणा त्याने शहराच्या हवेला लावली, आणि १९५० च्या सुमारास त्याने असे दाखवून दिले की मोटारी व तेलशुद्धीकरणाचे कारखाने यांतून निघणारे न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन निर्माण होतो व तोच या उपद्रवाचे मूळ आहे. हवेत ओझोन किती आहे हे अजमावण्यासाठी तो वाकवून ताणलेले रबराचे तुकडे हवेत ठेवी आणि त्यांना भेगा पडण्यास किती वेळ लागतो ते पाही. जुन्या गाडीच्या व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या वाकणाच्या बाहेरच्या अंगास बारीक आडव्या भेगांनी चिरतात, आणि त्या भेगांतून इंजिन 'एअर घेते', ती हीच क्रिया होय. मोटारीने जे हवेत सोडले त्यातूनच मोटारीच्या नळ्या फुटण्याचे साधन तयार होत होते, हा योग मला मोठा मार्मिक वाटतो.

मोटारीतून निघणाऱ्या हायड्रोकार्बनांचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा मागच्या सायलेन्सरमधून नसून क्रँककेसच्या नळीतून बाहेर पडतो, ही गोष्ट कारखानदारांनी जाहीरपणे मान्य करण्यास १९५९ साल उजाडावे लागले. त्यापूर्वी लॉस एंजेलिस जिल्ह्याचे एक लोकनियुक्त अधिकारी केनेथ हान हे १९५३ पासून मोटार कंपन्यांच्या अध्यक्षांना पत्रामागून पत्रे धाडीत होते. पहिल्याच पत्राला फोर्ड कंपनीकडून जो जबाब आला त्याचा आशय असा होता की मोटारींची वाफ हवेत त्वरित विरून जाते, सबब तिच्यापासून प्रदूषण संभवत नाही. हान यांनी हा पत्रव्यवहार सुमारे चौदा वर्षे चालविला. दप्तरी चिकाटीचे असे उदाहरण विरळा. अखेर १९६१ सालच्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात, आणि १९६३ पासून साऱ्या अमेरिकेत, नव्या मोटारींवर क्रँककेसची झडप बसू लागली. मधली दोन वर्षे का गेली? १९६९ च्या जानेवारीत अमेरिकन सरकारने प्रमुख मोटार कंपन्यांवर जी फिर्याद गुदरली तिच्यात असा स्पष्ट आरोप होता की ही यंत्रे उशिरा बसविण्याविषयी कंपन्यांनी आपसांत संगनमत केले. कंपन्यांनी आरोप नाकारला, त्याच वर्षी तडजोडनामा झाला, साक्षीपुरावे उघड्या न्यायालयात आलेच नाहीत. ज्या वस्तूवरून एवढा कज्जा झाला ती करंगळीएवढी असून थोडक्या पैशांत तयार होत होती आणि जीपवर पूर्वीच सिद्ध झालेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे सरकारची बाजू अगदीच निराधार नसावी असे वाटल्यावाचून राहत नाही.

झडपेची रचना मात्र कौतुकास पात्र आहे. पत्र्याच्या लहानशा नळकांड्यात एक टोकदार दांडी असते आणि तिला एक नाजूक स्प्रिंग मागे रेटीत असते. आयडलिंगला ओढ प्रबळ असते, तेव्हा दांडी मॅनिफोल्डच्या बाजूस खेचली जाऊन वाट अरुंद करते, कारण त्या वेळी पाझरही थोडा असतो आणि इंजिनाला जास्तीची हवा सोसवत नाही. गाडी रस्त्यावर संथ धावू लागली की ओढ कमी होते, स्प्रिंग दांडीला मागे आणते आणि वाट रुंदावते. कार्ब्युरेटरमध्ये उलटा भडका उडाला तर दांडी मागच्या बैठकीवर आदळून वाट साफ बंद करते, नाहीतर ती ज्वाला क्रँककेसमधील वायूंपर्यंत पोहोचेल. पाय पूर्ण दाबलेला असताना पाझर सर्वांत अधिक आणि ओढ सर्वांत कमी, या प्रसंगी जे वायू मावत नाहीत ते ताज्या हवेच्या नळीतून उलटे फिरून एअर क्लीनरमध्ये येतात व तेथून कार्ब्युरेटरवाटे जळण्यास जातात. आरंभीच्या खुल्या पद्धतीत ही उलटी वाट झाकणातून बाहेर हवेतच होती. बंदिस्त पद्धत नंतरची.

येणेप्रमाणे रस्त्यावरचा उच्छ्वास पोटात परतला, आणि त्याचबरोबर गॅरेजातील निदान अवघड झाले. कारण ही झडप म्हणजे, नीट पाहिले तर, कारखान्यानेच मोजून-मापून ठेवलेली एक व्हॅक्यूमची गळती होय. तिच्यातून येणारी हवा हिशेबात धरूनच कार्ब्युरेटरचे जेट ठरविलेले असतात. ती तुंबली की दोन परिणाम एकदम होतात: मिश्रणातील हवा कमी होऊन आयडलिंग जड पडते, आणि क्रँककेसमध्ये दाब साचून तेल गळू लागते. ती उघडी अडकली की याच्या उलट, मिश्रण पातळ होऊन इंजिन धडधडते, सिग्नलला बंद पडते आणि तेल पिऊ लागते. पहिल्या प्रकारात मिस्त्री सील बदलतो, दुसऱ्यात कार्ब्युरेटर खोलतो. दोन्ही वेळा मूळ जागी हातच लागत नाही. इंग्लंडात बीएमसी या मोटार कंपनीच्या गाड्यांवर १९६४ च्या सुमारास स्मिथ्स कंपनीची छत्रीच्या आकाराची जी झडप आली तिच्यात दांडीऐवजी रबरी पडदा असे. तो विरला की शीळ घातल्यासारखा आवाज येतो आणि निळा धूर सुटतो. शिवाय या पद्धतीत तेलाचे झाकण मुद्दाम सच्छिद्र ठेवलेले असून त्यातून मोजकीच हवा आत येते. कोणी दिसायला सारखे पण घट्ट झाकण आणून लावले, तर क्रँककेसमध्येच निर्वात साचून तेल भलत्या वाटेने वर ओढले जाते. निव्वळ झाकणापायी रिंगा बदललेली इंजिने असतील, याविषयी मला शंका नाही. पुढे १९६८-६९ च्या सुमारास एस.यू. कार्ब्युरेटरलाच क्रँककेसची नळी जोडण्याची सोय झाली आणि त्या नाजूक झडपेला निवृत्ती मिळाली.

या घोळात निर्णय देण्याचे काम जुन्या मिस्त्रींच्या पेटीतील एक घड्याळवजा उपकरण करी, ते म्हणजे व्हॅक्यूम गेज. इंजिन पुरते तापवून मॅनिफोल्डच्या छिद्राला नळी लावावी आणि काट्याकडे पाहावे. तो सतरा-अठराच्या पुढे स्थिर असेल तर प्रकृती ठीक. स्थिर पण खाली असेल तर एकतर ठिणगी उशिरा पडते किंवा कोठून तरी इंजिन एअर घेते. ठरावीक अंतराने काटा एकदा दचकून खाली येत असेल तर एखादा व्हॉल्व्ह जळालेला. आयडलिंगला थरथरून वेग वाढताच शांत होत असेल तर व्हॉल्व्हगाइड झिजलेले. वेग धरून ठेवला असता हळूहळू उतरत असेल तर सायलेन्सर तुंबलेला. ॲक्सिलरेटरला झटका देऊन सोडला असता काटा शून्याकडे पडून मग चोवीस-पंचविसापर्यंत उसळावा आणि स्थिरावा. ही उसळी मारण्याची ताकद नसेल तर रिंगांची शंका घ्यावी. येथे एक भूगोलाची खबरदारी आहे. दर हजार फुटांच्या चढाईला काटा सुमारे एक इंच खाली दाखवितो. म्हणून मुंबईत वीस इंच दाखविणारी निकोप गाडी पुण्यात अठरा दाखवील आणि महाबळेश्वरी सोळाच्याही खाली उतरेल. तेवढ्यावरून तिथल्या कोणी गॅसकेट बदलण्याचा सल्ला दिला तर तो नम्रपणे नाकारावा.

गेजाखेरीज करण्यासारख्याही परीक्षा आहेत. इंजिन चालू असता झडप टॅपेट कव्हरातून उपटून तिच्या उघड्या तोंडावर बोट ठेवावे. ओढ बोटाला स्पष्ट जाणवली पाहिजे आणि इंजिनाचा सूर जरा उतरला पाहिजे. नुसती हलविली असता आतली दांडी खुळखुळली पाहिजे. मग झडप जागी बसवून तेलाचे झाकण काढावे आणि भोकावर पोस्टकार्ड ठेवावे: ते चिकटून बसले तर वायुवीजन चालू आहे, फडफडून उडाले तर झडप तुंबली आहे किंवा पाझर तिला झेपत नाही. पाझराचा संशय असेल तर दोष रिंगांचा की इंजिनाच्या व्हॉल्व्हचा, हे स्पार्क प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून कंप्रेशन मोजले की कळते. तेलाने आकडा वाढला तर रिंगा, न वाढला तर व्हॉल्व्ह. एअर कोठून घेते हे शोधण्यासाठी मॅनिफोल्डच्या सांध्यांवर पेट्रोल शिंपडण्याची जी रीत काही गॅरेजांत दिसते ती धोक्याची आहे. तेलाच्या कुपीतून सांध्यावर एकेक थेंब सोडला तरी तो आत ओढला जाताना दिसतो. आणि बोरघाट येथेही उपयोगी पडतो, तो उतरताना. लोणावळ्याहून खाली येताना पाय उचललेला असतो, मॅनिफोल्डची ओढ कमालीची वाढते, आणि झिजलेल्या गाइडांतून तेल सिलिंडरात उतरते. खोपोलीच्या सपाटीला पाय दाबताच मागे निळ्या धुराचा लोट सुटला तर दोष गाइडांचा. चढताना, भार असता, धूर येत असेल तर दोष रिंगांचा.

आपल्याकडे हा सारा इतिहास उशिरा आणि अर्धवट आला. मोटारीच्या धुराची मर्यादा कायद्याने ठरली ती १९८९ च्या केंद्रीय नियमांपासून. तोवर रस्त्यावर ज्या गाड्यांचे राज्य होते त्यांची इंजिने १९५० च्या दशकातली होती. फियाटच्या ११०० चे १०८९ सीसी इंजिन पद्मिनीच्या रूपाने मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत इतके टिकले, की शेवटच्या टॅक्सीची मुदत संपायला २०२३ चा ऑक्टोबर उजाडला. ॲम्बॅसडरमध्ये बीएमसीचे बी सिरीजचे १४८९ सीसी इंजिन होते. तीन बेअरिंगांच्या या इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतेच. शाफ्टावर कोरलेली सर्पिल खाच तेलाला उलटे आत ढकलते, एवढाच बंदोबस्त. क्रँककेसमध्ये दाब नसेल तोवर ही खाच चोख काम करते. क्रँककेसची नळी बुजली की खाचेचे काही चालत नाही, आणि गाडी उभी राहील तेथे तेलाचा डाग पडतो. 'ॲम्बॅसडर गळायचीच' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू आले, पण त्यातल्या कितीतरी डागांना बुजलेली नळी आणि न धुतलेली जाळी एवढेच कारण होते.

जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांत अलीकडे दोन तट दिसतात. एक म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी, तळाखालची नळीही हवी. दुसरा तिला आधुनिक झडप जोडून तेल स्वच्छ ठेवू पाहतो. प्रदर्शनापुरत्या बाहेर पडणाऱ्या गाडीला नळी पुरे; शहरातल्या गर्दीत चालवावयाची असेल तर झडपवाल्यांचा पक्ष मला सबळ वाटतो. मात्र चोरबाजारात किंवा पुण्याच्या नाना पेठेत भोकात बसणारी कोणतीही झडप उचलून आणणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या झडपांच्या आतली स्प्रिंग आणि दांडीचा निमुळतेपणा निरनिराळ्या इंजिनांसाठी निरनिराळा असतो, आणि मोठ्या सहा सिलिंडरी इंजिनाची झडप अकराशे सीसीच्या इंजिनाला लावली तर ते आयडलिंगला उभेच राहत नाही. झडप लावण्याआधी व्हॅक्यूमचा आकडा लिहून ठेवावा, लावल्यावर पुन्हा पाहावा. काटा दोन-तीन इंच खाली उतरला तर कार्ब्युरेटरचा स्क्रू पिळीत न बसता झडप दुकानात परत न्यावी. दुकानदार बहुधा ती परत घेणार नाही.